पहिली पायरी नसलेली शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे, आणि भित्री आहे. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे मला शूर समजून तुम्ही फसणार नाही. हल्ली मी घराच्या मागच्या भिंतीला टेकून असते. माझ्या दांड्यांवर मिरच्यांच्या माळा वाळत घालतात. तरी दक्षिणेकडून धूळ उठली की माझ्या सगळ्या पायऱ्या कुरकुरतात. घरातली मुले म्हणतात, वारा आहे. वारा नसतो, मी असते.

माझ्याकडे नीट पाहिलेत तर तुम्हाला दिसेल, की मला खालची पायरी नाही. जमिनीपासून थेट दुसऱ्या पायरीवर पाय टाकावा लागतो. नवखा माणूस तिथे हमखास धडपडतो. ती पायरी कुठे गेली, तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म डोंगरातला. ओकुवापिन नावाचा एक माणूस हिवाळा संपता संपता वर आला. त्याने दोन सरळ, सडपातळ देवदार निवडले, त्यांच्या मुळाशी मक्याचे पीठ ठेवले, दोन शब्द बोलला आणि मगच कुऱ्हाड उचलली. भाची नवे घर बांधत होती आणि तिला शिडी हवी होती. आमच्याकडे घर बाईचे असते आणि शिडीही बाईचीच. मामाने फक्त करून द्यायची.

आमच्या घरांना खाली दार नव्हते. भिंतीला शिडी लावून धाब्यावर चढायचे आणि धाब्यातल्या चौकोनी भोकातून आत उतरायचे. शिडी वर ओढली की घर बंद. ओकुवापिनने मला सात पायऱ्या केल्या आणि ओल्या चामड्याच्या वाद्यांनी बांधल्या. वाळल्यावर त्या अशा आवळल्या की हत्याराशिवाय सुटणार नाहीत. फक्त सगळ्यात खालच्या पायरीच्या गाठी त्याने बाहेरच्या अंगाला ठेवल्या. ती पायरी लवकर झिजते, वरचेवर बदलावी लागते. गाठ हाताशी असली की सुरीचा एक घाव पुरतो.

भाचीचे नाव अगोयो. मला भिंतीला लावल्याबरोबर मामाने तिला वर पाठवले.

"ओढ आता. बघू किती वेळ लागतो."

"मामा, शेजारणी हसतायत. शत्रू कुठं दिसतोय तुम्हाला?"

"मग शत्रू आल्यावर शिकवू? त्याला म्हणू, जरा थांब बाबा, पोरीचा सराव व्हायचाय?"

अगोयोने मला ओढले. पहिल्यांदा मी भिंतीत अडकले, दुसऱ्यांदा तिच्या पायावर पडले. शेजारणींची चांगली करमणूक झाली. पण मामाने पिच्छा सोडला नाही. चार दिवसांनी ती मला पाच श्वासांत वर घेऊ लागली.

मग त्याने तिला नियम सांगितला. मला तो पाठ आहे, कारण माझे सगळे आयुष्य त्यावरच गेले. जो शेवटचा वर येईल त्याने शिडी ओढायची. मात्र दोन माणसांवर शिडी कधी ओढायची नाही. एक, घरात, म्हणजे आईच्या कुळात, जन्मलेला. दुसरा, ज्याने घरातल्या मुलाचे नाव ठेवले तो. नाव ठेवणारा घरचाच. तो खाली उभा असेल तर शिडी सोडायची, मग तो कधीही येवो.

त्याच्या बारा वर्षे आधी आमच्या गावांनी मिळून समुद्रापलीकडून आलेल्या स्पॅनिश लोकांना हाकलून दिले होते. त्या गोष्टी मी धाब्यावर ऐकत असे. ऐकणारे हसत. मी मात्र हसू शकत नसे. गेलेला माणूस वाट विसरत नाही, असे ओकुवापिन म्हणायचा, आणि तो बोलताना दक्षिणेकडे पाहायचा. भीती मला त्याच्याकडूनच मिळाली असावी. लाकूड त्याने तासले, त्याच वेळी ती आत गेली.

अगोयोला मुलगी झाली. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या आत्याने तिला उगवत्या सूर्यासमोर धरले, छातीशी मक्याचे कणीस ठेवले आणि नाव ठेवले, पोसे. त्या दिवसापासून आत्याबाई हवे तेव्हा माझ्यावरून चढून येत आणि खीर संपवून जात. कोणी काही म्हणत नसे. नियमच होता तो.

पोसे सहा महिन्यांची होती तेव्हा धूळ आली. मका धाब्यांवर वाळत पडला होता. कोणीतरी ओरडले आणि पाच श्वासांत गावातल्या सगळ्या शिड्या वर गेल्या. मी कणसांवर आडवी पडले होते. खाली घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या आणि मला काही दिसत नव्हते. न दिसणारी भीती फार वाईट. अगोयो माझ्याजवळ पालथी पडून कडेवरून खाली पाहत होती आणि तिचा श्वास माझ्या दांड्याला लागत होता.

स्पॅनिश गव्हर्नर आला होता, हे मला वरच्यांच्या बोलण्यावरून कळले. लोखंडी टोपी, घोड्यावर ताठ, मागे शिपाई आणि एक तोफ. त्याचे नाव मला शेवटपर्यंत कळले नाही. गाव त्याला टोपीवाला म्हणे. त्याच्या बाजूला शेजारच्या गावचा बार्तोलो होता, दुभाष्या.

"ए बार्तोलो," पोसेची आत्या वरून ओरडली, "आईनं चालायला शिकवलं ते यांच्या घोड्यामागं पळायला का रे?"

"मावशी, शिव्या नंतर द्या, मी कुठं पळून जात नाही. आधी ऐका. ते म्हणतात, राजानं सगळं माफ केलंय. खाली या, पोरांना बाप्तिस्मा द्या. मक्याच्या दाण्यालाही कुणी हात लावणार नाही."

"आमचाच मका, आणि आम्हालाच माफ?"

दुपारपर्यंत असेच चालले. एकही गोळी सुटली नाही. शेवटी गावातल्या म्हाताऱ्यांनी विचार केला, की पाणी खाली आहे, तोफही खाली आहे, आणि माणूस लढायला आलेला दिसत नाही. शिड्या सोडल्या. माझे पाय जमिनीला टेकले तेव्हा मी थरथरत होते.

त्यांच्याबरोबर आलेल्या पाद्र्याने मुलांच्या डोक्यावर पाणी ओतले. प्रत्येक मुलाला धर्मपिता, म्हणजे नाव ठेवणारा मानलेला बाप, लागतो, तर गव्हर्नर स्वतःच पुढे झाला. एकेक मूल हातात घेऊन नाव ठेवत गेला. पोसेची पाळी आली तेव्हा तिने त्याची दाढी मुठीत धरली. तो मोठ्याने हसला. तिचे नाव त्याने तेओदोरा ठेवले आणि तिच्या मनगटाला लाल फीत बांधली.

"ते म्हणतात," बार्तोलोने सांगितले, "आता मी हिचा बाप. हिच्यावर संकट आलं तर ते माझ्यावर आलं."

संध्याकाळी ते निघून गेले. खरोखरच मक्याला कोणी हात लावला नव्हता. ओकुवापिन माझ्या खालच्या पायरीवर बसून थुंकला.

"चौथ्या दिवशी उन्हात उभा होता का हा? आयत्या पोरीचं नाव ठेवतोय!"

"उशिरा ठेवलं तरी नाव ते नावच, मामा," अगोयो म्हणाली. "सगळ्या गावासमोर बोललाय तो."

तिने ती फीत जपून ठेवली. मलाही बरे वाटले. भित्र्या माणसाला कोणी मोठा आपला झाला की हायसे वाटते ना, तसे.

दुसऱ्या हिवाळ्यात तो परत आला. या वेळी बायकापोरे, गाड्या, गुरे घेऊन, कायमचा राहायला. दक्षिणेकडच्या मोठ्या गावात लढाई झाली. तिथून पळून आलेल्या एका माणसाने आमच्या धाब्यावर बसून सांगितले, की शरण आलेल्यांना भिंतीशी उभे करून मारले आणि बायकामुले नोकर म्हणून वाटून दिली. तो सांगत होता आणि हातातली भाकरी खात नव्हता. अगोयोने पोसेला जवळ ओढले.

तीन दिवसांनी टोपीवाला आमच्या भिंतीखाली उभा होता. बर्फ पडलेले होते. बरोबर आणलेली माणसे उपाशी होती, त्यांना आमचा मका हवा होता आणि राहायला आमची घरे. गावातल्या सगळ्या शिड्या वर होत्या. म्हातारे धनुष्ये मोजत होते. अगोयोने पोसेच्या मनगटाला ती लाल फीत बांधली आणि मला कडेकडे सरकवले.

ओकुवापिनने तिचा हात धरला. "काय करतेस?"

"तो पोसेचं नाव ठेवणारा आहे. तिला पाहिलं की ओळखेल. मी त्याला सांगते, गावाला हात लावू नको म्हणून."

"थांब, पोरी."

"नियम तुम्हीच शिकवलात, मामा. नाव ठेवणाऱ्यावर शिडी ओढत नाहीत."

मित्रांनो, त्या वेळी त्याने हात सोडला नसता तर! पण नियम त्यानेच शिकवलेला होता. त्याची बोटे सैल पडली आणि मी खाली गेले. सगळ्या गावात एकच शिडी खाली होती, ती मी.

अगोयो पोसेला घेऊन उतरली आणि घोड्यासमोर उभी राहिली. तिने मुलीचे मनगट उंच धरले. "ही तुमची मुलगी."

बार्तोलोने सांगितले. गव्हर्नरने फितीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले आणि शेजारच्या स्वाराला काहीतरी विचारले. स्वाराने खांदे उडवले. अगोयो बार्तोलोकडे वळली.

"काय म्हणाला?"

"जाऊ दे, अक्का."

"सांग मला."

"विचारतोय, कुठली?" बार्तोलो जमिनीकडे पाहत म्हणाला. "म्हणतो, त्या वेळी शंभरावर पोरांची नावं ठेवली. कुठली कुठली लक्षात ठेवू?"

तेवढ्यात माझ्या खालच्या पायरीवर एक बूट पडला. मोडावे, असे मी तेव्हा जिवाच्या आकांताने ठरवले. पण मला ओकुवापिनने केले होते, मी मोडले नाही. एकामागून एक बूट माझ्यावरून वर गेले. आमची धाबी एकमेकांना लागून. आमच्या धाब्यावरून ते शेजारच्या धाब्यावर गेले, तिथून पुढच्या, आणि एक बाणही नीट सुटायच्या आत गाव पडले. माझ्याच पायऱ्यांवरून मग मक्याची पोती खाली गेली. ओकुवापिन भोकाच्या तोंडाशी आडवा झाला, तर बंदुकीच्या दस्त्याने त्याच्या कमरेवर घाव घातला. त्यानंतर तो एक पाय ओढत चालू लागला.

चार दिवसांत गाव रिकामे करायचा हुकूम झाला. लोकांनी न्यायचे ते पाठीवर घेतले. अगोयो मला तिथेच टाकून निघाली होती. माझ्याकडे बघवत नव्हते तिला. पण मामा म्हणाला, "शिडी बरोबर घ्यायची. तिच्यावरून पुन्हा त्यांचं कुणी चढायला नको." फीत मात्र तिने बर्फात टाकली.

आम्ही काळ्या पठारावर गेलो. चारी बाजूंनी कडे, वर सपाट माळ. तीन गावांची माणसे तिथे जमली होती. वर जायला एकच चिंचोळी वाट, आणि वाटेच्या शेवटी खडकात उभी फट. तिथे शिडीशिवाय गत्यंतर नव्हते. सगळ्यांच्या शिड्या आखूड पडल्या, मी पुरले.

"हिला लावताय?" दुसऱ्या गावची एक बाई म्हणाली. "ही तर पाहुण्यांना बोलावून आणते म्हणे!"

अगोयो खाली मान घालून उभी राहिली. अन्न गिळतानासुद्धा तिची मान तशीच असे त्या दिवसांत.

"शिडी कुणाला बोलवत नाही, बाई," ओकुवापिन म्हणाला. "माणसं बोलवतात. आणि बोलवायचा नियम मी शिकवलाय. बोलायचं तर मला बोला."

तो फटीपाशीच राहू लागला. रोज सकाळी माझ्या गाठी चाचपायचा. वसंतात शिपाई आले आणि पठाराला वेढा पडला. वर दाणा होता, पाणी नव्हते. झरा होता कड्याच्या पायथ्याशी. रोज सकाळी उन्हे येताच चारसहा जण घागरी घेऊन खाली जात आणि बाकीचे वरून दगड हातात घेऊन बसत. प्रत्येक खेपेला मी खाली सुटायची, आणि ती माणसे परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा.

एका सकाळी अगोयो पाण्याला गेली. पोसे वर आत्याजवळ होती. लंगड्या पायाचा ओकुवापिनही बरोबर गेला, म्हणाला, मी पहारा देतो. घागरी भरून होत आल्या आणि खडकांआडून शिपाई उठले. सगळी पळत सुटली. एक वर आला, दुसरी आली, तिसरी आली, अगोयो आली. घागर तिने वाटेतच टाकली होती. तिने वळून पाहिले. ओकुवापिन नुकता माझ्यापाशी पोचला होता आणि शिपाई त्याच्यामागे वीस पावलांवर होते.

"मामा, चढा!"

त्याने एकदा मागे पाहिले, एकदा आपल्या पायाकडे पाहिले. एकेक पायरी चढायला त्याला किती वेळ लागतो ते मला ठाऊक होते. तो माझ्यावर असतानाच ते खालून चढले असते. तो चढला नाही.

"ओढ!" तो म्हणाला.

"तुम्ही खाली आहात!"

"शेवटचा वर आला की ओढायची. शेवटची तू आलीस. ओढ!"

"घरात जन्मलेल्यावर ओढत नाहीत!" अगोयो रडत ओरडली. "तुम्हीच सांगितलंय!"

"मीच सांगितलं, मीच मोडतो. पोसे वर आहे. ओढ म्हणतो ना!"

त्याने माझ्याखाली खांदा घातला आणि मला वर ढकलले. अगोयोने ओढले. पहिला श्वास, दुसरा श्वास. मी हातभर उचलले गेले आणि दोन शिपायांनी माझी खालची पायरी पकडली. वरून ओढ, खालून ओढ. मी मधे. कुठल्याही शिडीला इतकी भीती वाटली नसेल. मी खाली गेले असते तर माझ्यावरून पुन्हा तेच बूट चढले असते, आणि वर तीन गावांची पोरे होती.

तेव्हा ओकुवापिनने कमरेची दगडी सुरी काढली. गाठी बाहेरच्या अंगाला होत्या. डावीकडे एक घाव, उजवीकडे एक. पायरी सुटली आणि ती धरलेले दोघे शिपाई तिच्यासकट उताणे पडले. मी सरसर वर गेले. शेवटचे मला दिसले ते एवढेच, की तो फटीच्या तोंडाशी भिंतीला पाठ लावून उभा होता आणि वर पाहत होता. अगोयोकडे नव्हे, माझ्या उरलेल्या गाठींकडे. सुटल्या तर नाहीत ना, हे बघत होता.

दुपारी बार्तोलोची हाक आली. खाली या, गव्हर्नर साहेब तुमच्या पोरांचे धर्मपिता आहेत. अगोयो माझ्यावर हात टाकून पडून होती. तिने मला सोडले नाही, आणि खाली सोडलेही नाही. काही आठवड्यांनी दुसरीकडे कुठे बंड झाले आणि वेढा उठला. ओकुवापिनला दक्षिणेकडे नेल्याचे कळले. पुढे काहीच कळले नाही.

दोन वर्षांनी तह झाला आणि लोक खाली उतरले. अर्धे गाव जळालेले होते, ते बांधले. कितीतरी जणांनी अगोयोला नवी पायरी बसवून देतो म्हटले. तिने ऐकले नाही. "पाय उंच टाका," एवढेच म्हणायची. पोसे तीच पहिली उंच पायरी चढत वाढली. लहानपणी तिथे गुडघे फोडून घ्यायची आणि विचारायची, इथली पायरी कुठं गेली? अगोयोने तिला दर वेळी सगळे सांगितले. स्वतःची चूकही सांगितली, तोंड न लपवता.

अगोयो गेली. पोसेलाही मुलगी झाली, ती हाताशी आली. एका उन्हाळ्यात दक्षिणेकडून पुन्हा धूळ उठली. नवा गव्हर्नर गावे पाहायला निघाला होता. बरोबर शिपाई होतेच. तो आमच्या भिंतीखाली थांबला आणि काहीतरी गोड बोलला. बार्तोलो आता म्हातारा झाला होता, त्याच्या आवाजात दम राहिला नव्हता.

"साहेब म्हणतात, घाबरू नका. मला बापासारखा समजा."

पोसे धाब्याच्या कडेला उभी होती. तिने खाली पाहिले आणि विचारले, "कुठला?"

बार्तोलोने मान खाली घातली. त्याने ते साहेबांना सांगितले नाही. साहेब वाट पाहत राहिले.

"मीच उतरते," पोसे म्हणाली. "तुम्ही तिथंच थांबा." तिने मला खाली सोडले. ती उतरली, शेवटच्या पायरीवरून उडी मारली, जशी रोज मारायची. मग गव्हर्नरकडे न पाहता मागे वळून तिने मुलीला हाक दिली.

"ओढ!"

पोरीने मला वर घेतले. चार श्वासांत. आई खाली होती, एकटी, तेवढ्या शिपायांसमोर. मी कुरकुरत होते. पण तिने ओढले. पोसेने उभ्या उभ्या दोन गोष्टी बोलून घेतल्या, पाण्याबद्दल आणि शेताच्या बांधाबद्दल. साहेब निघून गेले, धूळ खाली बसली, तेव्हा मुलीने मला पुन्हा सोडले.

आता घरांना खालून दारे पाडली आहेत आणि माझी गरज उरली नाही. तरी वर्षातून एकदा माझ्या वाद्या कोणीतरी चाचपते. तुमच्या घरी शिडी असेल तर तिच्या गाठी तपासत जा, मित्रांनो. ती उन्हापावसात टाकून देऊ नका. आणि ती कोणासाठी खाली सोडायची, हे त्याने नुसते नाव ठेवले एवढ्यावरून ठरवू नका.

माझ्या खालच्या टोकाला दोन्ही दांड्यांवर सुरीची एकेक खूण आहे. कधी आलात तर तिथे नवी पायरी बसवू नका. पाय उंच टाका.